रॅलीची गाडी : खरी कोणती, मूळ कोणती?

जुन्या मोटारींचा नाद असलेला माणूस रॅलीत धावलेली, नव्याने उभी केलेली गाडी बघायला जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाडी ओरिजिनल आहे ना?" विकणारा हो म्हणतो. मुंबईत त्याला आणखी एक जोड मिळते : "पारशी बावाची गाडी, सिंगल हँड." कदाचित तो खोटं बोलतही नसेल. तरी व्यवहार फसू शकतो, कारण या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. समोरची गाडी खरोखरच त्या रॅलीत धावलेली तीच गाडी आहे का, हा पहिला. तिच्यातला किती पत्रा, किती लोखंड पहिल्यापासूनचं आहे, हा दुसरा. पहिल्याला आपण खरेपणा म्हणू आणि दुसऱ्याला मूळपणा. हे दोन प्रश्न वेगळे विचारायचे, वेगळे तपासायचे आणि त्यांचे पैसेही वेगळे मोजायचे, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

१. मुंबई बंदरातून बोटीवर चढलेल्या गाड्या

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्यांनी मुंबई गाठायची, इथे बोटीवर चढायचं, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरायचं आणि उरलेला खंड आडवा पार करायचा, अशी ती लंडन-सिडनी मॅरेथॉन होती. मुंबईपर्यंत ७२ गाड्या टिकल्या. 'चुसान' नावाच्या बोटीने त्या पुढे गेल्या. मुंबईत पोहोचताना आघाडीवर होती रॉजर क्लार्क आणि ओव्ह अँडरसन यांची फोर्ड लोटस कॉर्टिना.

ऑस्ट्रेलियात या कॉर्टिनाचं जे झालं ते आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतं. आधी इंजिनाने दगा दिला. फोर्डच्याच चमूतल्या एरिक जॅक्सनच्या गाडीचे भाग काढून क्लार्कच्या इंजिनाला बसवले आणि गाडी पुढे गेली. नंतर मागचं डिफरन्शियल तुटलं. वाटेत एक माणूस स्वतःची कॉर्टिना घेऊन दिसला. त्याची मनधरणी करून तिचा मागचा ॲक्सल विकत घेतला, तिथेच बसवला आणि गाडी पुन्हा शर्यतीत आली. शेवटी जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर घेऊन. क्लार्कच्या वाट्याला पहिला नंबर आला नाही.

समजा, ही कॉर्टिना अगदी तशीच्या तशी आज विकायला आली. कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं त्यातले काही भाग बदललेले, ॲक्सल तर भलत्याच माणसाच्या गाडीचा. मूळपणाच्या तराजूत ती हलकी भरेल. खरेपणाबद्दल मात्र शंकेला जागा नाही. तो परका ॲक्सल आजही तिच्याखाली असेल तर जाणकार त्याच्यासाठी जास्त पैसे मोजेल, कारण तो त्या रॅलीच्या वाटेवर बसलेला आहे. आणि कोणी 'मूळ स्थितीत आणतो' म्हणून तो काढून कारखान्याचा कोरा ॲक्सल बसवला, तर मूळपणा कागदावर वाढेल आणि गाडीचा इतिहास तेवढा कमी होईल.

साध्या कौटुंबिक गाडीत आणि रॅलीच्या गाडीत हाच फरक आहे. कौटुंबिक गाडीत सगळे भाग मूळ असणं हे चांगल्या निगराणीचं लक्षण. रॅलीच्या गाडीत सगळेच भाग मूळ सापडले तर ती रॅलीत धावली तरी कशी, असा प्रश्न पडायला हवा.

२. दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि न्यायालय

गिरगाव, परळ, लालबागच्या वाचकाला पुढचा मुद्दा शिकवावा लागणार नाही. शंभर वर्षांची एखादी चाळ. रिपेअर बोर्डाने टेकू लावले, कुजलेल्या तुळया काढून लोखंडी गर्डर घातले, जिना नवा केला. चाळ तीच राहिली. शेजारची चाळ पाडून त्याच जागेवर टॉवर उभा राहिला. नाव तेच, पत्ता तोच, बहुतेक भाडेकरूही तेच. पण वऱ्हांडा, सामाईक नळ आणि लाकडी कठडा यांच्यासह ती चाळ गेली. टॉवर वाईट आहे असं नाही. फक्त त्याला 'शंभर वर्षांची वास्तू' म्हणून विकता येणार नाही.

मोटारींतही दोन्ही प्रकार चालतात. सडलेला फूटबोर्ड कापून नवा पत्रा जोडला, ही दुरुस्ती. जुन्या गाडीची नंबरप्लेट, चेसिस नंबरची पट्टी आणि आरसी बुक घेऊन ते दुसऱ्याच अख्ख्या बॉडीवर चढवलं, ही पुनर्बांधणी. युरोपातल्या मोठ्या रॅली संघांनी हे स्वतःच केलेलं आहे. अपघातात बॉडी वाकली की नवी बॉडी घ्यायची आणि जुना नंबर तिच्यावर लावायचा, कारण कागद तयार असायचे आणि पुढची रॅली दारात असायची. त्यामुळे एका नोंदणी क्रमांकाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या बॉड्या धावल्याची उदाहरणं आहेत. तिथल्या खरेदीदाराचा प्रश्न म्हणूनच बारीक असतो : या नंबराची गाडी अमुक वर्षी जिंकली हे मान्य, पण जिंकलेली बॉडी हीच का?

हा वाद एकदा लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली एक कोटी पौंडांना विकायची ठरली होती. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला भीषण अपघात झाला होता आणि नंतर ती पुन्हा बांधली गेली होती. घेणारा म्हणाला, यात जिंकलेल्या गाडीचं काही उरलेलंच नाही, मी पैसे देणार नाही. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा भाग न् भाग तपासणाऱ्या साक्षी ऐकल्या. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काही शिल्लक नाही, १९३० च्या गाडीतलं थोडकं, हे त्यांनी मान्य केलं. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी कधीच नाहीशी झाली नव्हती. ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली, प्रत्येक टप्प्याची नोंद होती आणि तिच्या नावावर दुसरी कोणतीही गाडी हक्क सांगत नव्हती. म्हणून ती मूळ नसली तरी खरी, असा त्या निकालाचा सारांश.

मला हा निकाल पटतो, पण तो अर्धाच वाचणाऱ्यांची भीती वाटते. 'भाग बदलले तरी चालतात' एवढंच उचलून पुष्कळ जण गाड्या विकतात. न्यायालयाने गाडी वाचवली ती अखंड, तपासता येणाऱ्या इतिहासामुळे. तो इतिहास नसेल तर या निकालाचा आधार विकणाऱ्याला मिळत नाही.

३. आपल्याकडची गाडी : फिएट

परदेशी रॅली गाड्या मुंबईच्या बाजारात क्वचित येतात. इथे विकायला येते ती फिएट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. आधी 'डुक्कर' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी गोल पाठीची ११००, १९६४ पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं. १९८० मध्ये पहिली हिमालयन रॅली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरून सुटली. पुढे दशकभर चाललेल्या या रॅलीत परदेशी गाड्यांच्या जोडीला आपल्या पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि जीपही धावल्या. म्हणून 'हिमालयन रॅलीची पद्मिनी' हे शब्द ऐकले की जुन्या शौकिनाचे कान टवकारतात.

इथे एक गैरसमज दूर करू. हॉर्निमन सर्कलवरून दर वर्षी-दोन वर्षांनी निघणारी व्हिंटेज गाड्यांची रॅली म्हणजे मिरवणूक. ती बघण्यासारखी असते, पण तिच्यात भाग घेतल्याने गाडी 'रॅली कार' होत नाही. विकणाऱ्याच्या भिंतीवर रॅलीच्या ट्रॉफी दिसल्या की त्या कोणत्या रॅलीच्या, हे वाचून घ्यावं.

पद्मिनीचं सोंग उभं करणं सोपं आहे, कारण तीच गाडी मुंबईची टॅक्सी होती. हजारोंनी धावलेल्या या गाड्यांचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत, चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात अजून मिळतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अशा गाड्यांतली एखादी चांगली बॉडी घेऊन, तिला आतून संरक्षक नळ्यांचा पिंजरा, जादा दिवे आणि दारावर गोल नंबर लावला की लांबून कोणीही फसेल.

जवळून मात्र फसायचं कारण नाही. टॅक्सीचं छप्पर पिवळं आणि अंग काळं असायचं. दरवाजाच्या चौकटीचं रबर बोटाने थोडं बाहेर ओढा, मागच्या काचेच्या बीडिंगची कड उचला, डिकीच्या बिजागरीमागे टॉर्च मारा. डेंटिंग-पेंटिंगवाला वरवरचा रंग पूर्ण बदलतो, पण या कोपऱ्यांपर्यंत क्वचित जातो. पिवळी किनार दिसली तर ती गाडी मीटरवर धावलेली आहे. जुना यांत्रिक मीटर बाहेर, बोनेटच्या डाव्या अंगाला असायचा. तिथल्या मडगार्डवर बुजवलेली भोकं सापडतात. छपरावर कॅरिअरच्या खुणा आणि डिकीत सीएनजीच्या टाकीचे पट्टे बसवल्याच्या खुणा, हीही तीच गोष्ट सांगतात. टॅक्सी असण्यात कमीपणा काहीच नाही. या शहराच्या इतिहासात पद्मिनी टॅक्सीला मानाची जागा आहे आणि कोणी ती टॅक्सी म्हणूनच जतन केली तर मी त्याचं कौतुक करीन. पण ती हिमालयात धावली असं सांगून विकू नये.

तारखांची साधी वजाबाकीही कामाला येते. '१९७१ ची रॅली पद्मिनी' अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायची गरज नाही. त्या वर्षी पद्मिनी नावाची गाडी नव्हती.

४. नंबर वाचणं

गाडीला दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनाचा. दोन्ही आरसी बुकात लिहिलेले असतात. आरटीओत पासिंगच्या वेळी एजंट पातळ कागद नंबरावर ठेवून वरून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. खरेदीदारानेही तेच करावं. डोळ्याला जे दिसत नाही ते या कागदावर उमटतं. आकडे एका रेषेत आहेत का, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका आहे का, आकड्यांच्या भोवती ग्राइंडरचे बारीक ओरखडे आहेत का, हे छापात स्पष्ट कळतं. नंबराच्या पट्टीभोवती चौकोनी वेल्डिंग दिसलं तर तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. तिथे व्यवहार थांबवावा. हा नुसत्या किमतीचा प्रश्न उरत नाही, पोलिसांचा होतो.

इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर लगेच घाबरू नये. रॅलीच्या गाडीत इंजिन बदललेलं असणं अगदी स्वाभाविक आहे. ते आरटीओत नोंदवून आरसीवर चढवलं आहे का, एवढं बघावं. नोंदवलेला बदल म्हणजे मूळपणा थोडा कमी, खरेपणा शाबूत. न नोंदवलेला बदल म्हणजे तुमच्या नावावर ट्रान्सफर होताना अडचण.

जुना नोंदणी क्रमांक जपलेला असेल तर तो सोन्यासारखा माना. १९८९ च्या आधीचे तीन अक्षरांचे मुंबईचे नंबर जुन्या फोटोत दिसतात. रॅलीतल्या फोटोतला नंबर आणि समोरच्या गाडीचा नंबर एकच असेल तर खरेपणाचा सर्वांत मजबूत दुवा तुमच्या हातात आहे. नंबर पुढे 'एमएच ०१' मालिकेत बदलला असेल, तर ताडदेव आरटीओतल्या नोंदीतून हा दुवा जोडता येतो का ते विकणाऱ्याकडून लिहून घ्यावं.

५. पत्रा खोटं बोलत नाही

रॅलीसाठी तयार केलेल्या बॉडीत काही कामं अशी असतात की ती दिसण्यासाठी केलेली नसतात, म्हणून नक्कल करणाऱ्याला सुचत नाहीत. कारखान्यात पत्र्याचे जोड ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात. रॅलीचा मिस्त्री त्याच जोडावर सलग वेल्डिंगची रेघ ओढतो, म्हणजे खडकाळ रस्त्यावर बॉडी उकलत नाही. शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्याशी जाड पट्ट्या असतात. इंजिनाच्या पोटाखाली दगडांपासून बचावाची जाड प्लेट आणि तिच्या बोल्टांची वापरून लांबट झालेली भोकं असतात. पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या गाडीखालून न नेता आतून नेलेल्या असतात. सहचालकाच्या बाजूला नकाशा वाचायच्या दिव्याचं आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचं भोक असतं. आतल्या पिंजऱ्याचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीच्या खालूनही प्लेट लावलेली असते. नुकत्याच केलेल्या सोंगात पिंजरा चकचकीत असतो आणि त्याचे पाय नुसत्या पत्र्यावर चार बोल्टांनी उभे असतात. अपघातात असा पिंजरा वाचवत नाही, उलट आतल्या माणसाला इजा करतो.

लांबी (पुट्टी) किती भरली आहे हे बघायला पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक पुरतं. जिथे ते धरत नाही तिथे खाली पत्रा कमी आणि लांबी जास्त. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ या मुंबईच्या दमट हवेत सडणाऱ्या जागा आधी तपासाव्यात.

६. कागद आणि फोटो

पत्रा सांगतो की ही गाडी कोणत्या तरी रॅलीत धावली. कोणत्या, हे कागदच सांगतो. प्रवेशयादी, तपासणीचा कागद, स्पर्धेचा परवाना, दारावरची प्लेट, गॅरेजची जुनी बिलं हे सगळं मागावं. त्यात फोटोंना मी सर्वांत वरचं स्थान देतो. फोटोत गाडीची प्रत्येक खूण अडकलेली असते : दिव्यांच्या पट्टीतला वाक, बोनेटवरच्या हवेच्या फटींची संख्या, डाव्या मडगार्डावरचा पोचा. रंग काढल्यावर तोच पोचा आतल्या बाजूने ठोकून काढलेला दिसला तर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. वर्तमानपत्रांचे जुने अंक, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांतले संग्रह आणि चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या जुन्या संस्थेत चौकशी, ही मेहनत टोकन देण्याआधी करायची.

परदेशी गाडीसोबत येणाऱ्या एका कागदाबद्दल सावध करतो. 'एफआयए' या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट दाखवून पुष्कळ गाड्या 'प्रमाणित' म्हणून विकल्या जातात. गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते आणि ऐतिहासिक स्पर्धेत धावू शकते, एवढंच तो पासपोर्ट सांगतो. हीच ती गाडी, असं तो सांगत नाही. नवी कोरी नक्कलही तो मिळवू शकते.

७. किती रिस्टोअर करावं?

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, 'फिवा'ने, तुरिन सनद नावाची तत्त्वं मांडली आहेत. जपता येईल ते जपा, बदलावंच लागलं तर नोंद ठेवा आणि नव्या भागावर कायमची खूण करा, हा तिचा मथितार्थ. आपल्याकडे याच्या उलट वागण्याची ओढ आहे. गाडी उघडी करायची, सगळं घासायचं, आरशासारखा रंग चढवायचा. रॅलीच्या गाडीला हे फार महाग पडतं. तिच्या अंगावरचे जुने स्टिकर, सहचालकाने डॅशबोर्डवर पेनाने लिहिलेले आकडे, दगडांचे मार हाच तिचा दाखला असतो आणि तो एका दुपारी सँडपेपरखाली जातो. सडलेला पत्रा बदलावा, ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये तडजोड करू नये. बाकी जिथे हात न लावता भागतं तिथे हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

८. कायदा काय म्हणतो

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसलेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. नवी नोंदणी असेल तर 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये आणि प्रमाणपत्र दहा वर्षांचं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती वा इंधन भरण्यापुरती रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही.

१९८० च्या रॅलीसाठी त्याच वर्षी घेतलेली पद्मिनी २०३० पर्यंत या नियमात येणार नाही, हा साधा हिशेब. त्याहून अवघड गोष्ट 'मूळ रूप' या अटीची. वेल्ड केलेला पिंजरा आणि जाड केलेली बॉडी हे रॅलीच्या गाडीचं खरं रूप, पण कारखान्याचं मूळ रूप नव्हे. विकणारा 'व्हिंटेजमध्ये पासिंग होईल' म्हणत असेल तर ते त्याच्या तोंडी भरवशावर न सोडता आरटीओत विचारून घ्यावं.

९. पैशांचा हिशेब

फक्त हिशेबापुरते आकडे घेऊ. एका सजवलेल्या रॅली पद्मिनीचे १५ लाख मागितले आहेत. तशीच साधी, चांगल्या स्थितीतली रस्त्यावरची पद्मिनी ५ लाखांना मिळते असं धरा. पिंजरा, दिवे, सीट, खालची प्लेट, इंजिनाचं काम याचे २ लाख. म्हणजे उरलेले ८ लाख तुम्ही इतिहासासाठी देत आहात. आता त्या ८ लाखांचा पुरावा मागा. नंबराशी जुळणारा रॅलीतला फोटो आणि प्रवेशयादीत नोंद असेल तर ते पैसे योग्य आहेत, मग इंजिन बदललेलं असलं तरी. फक्त एक जुनी ट्रॉफी आणि 'सगळ्यांना माहीत आहे' एवढंच असेल तर गाडीची किंमत ७ लाख आहे आणि ती चांगली नक्कल म्हणून आनंदाने घेता येईल.

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडे एक गोष्ट आवर्जून मागा : रंग काढून उघड्या केलेल्या बॉडीचे, काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो. प्रामाणिक रिस्टोअरर ते स्वतःहून दाखवतो. ते नाहीत असं उत्तर आलं, तर इतिहासाचे पैसे देऊ नका.